बिहेवियर अ‍ॅनालिस्टला राज्याचं लायसन्स हवंच

एडिसनकर: काल कॅलिफोर्नियातल्या एका बाबांनी लिहिलं, "बीसीबीएचं सर्टिफिकेट असताना वर राज्याचं लायसन्स कशाला? फी आणि वेटिंग लिस्ट तेवढी वाढेल." राहवलं नाही म्हणून लिहितोय. बीसीबीए म्हणजे ऑटिस्टिक मुलांना वागणं-बोलणं शिकवायची थेरपी आखणारे सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट. सर्टिफिकेट देतं खासगी मंडळ. त्यांनी ते काढून घेतलं की इन्शुरन्सचे पैसे थांबतील, पण रोख घेऊन मुलं बघणाऱ्याला कॅलिफोर्नियात अडवणार कोण? तिथे या पेशाला लायसन्सच नाही. टेक्सासात २०१७ साली कायदा झाला, आमच्या न्यू जर्सीत २०२० साली. त्याआधी आमच्याकडे येणारी बाई मुलापुढची वाटी उचलून धरायची. "मोअर" म्हटल्याशिवाय वरणभात नाही. पोरगं भुकेनं रडायचं. तक्रार कुठे करू विचारलं, तर तिच्याच कंपनीचा नंबर हातात दिला.

बे एरियातली आई: वाचून पोटात कालवलं. पण लायसन्स असतं तर हे टळलं असतं कशावरून? माझ्या घरी आठवड्याला २५ तास येते ती टेक्निशियन, अ‍ॅनालिस्टनं आखलेलं मुलाकडून करून घेणारी. शाळा पूर्ण आणि ४० तासांचं ट्रेनिंग, बस्स. तुमच्या कायद्यातही तिला लायसन्स लागत नाही! अ‍ॅनालिस्टबाई महिन्यातून दोनदा लॅपटॉप घेऊन येतात. नंबर लागायला आम्हाला १४ महिने लागले. आणखी चाळण्या लावा, म्हणजे पोरं मिसरूड फुटेपर्यंत वाट बघतील.

ऑस्टिनचा बाप: आमच्या बाई लायसन्सवाल्या होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, घरात मराठी बंद, मुलगा गोंधळतो. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. नातवाशी "सिट" आणि "गुड बॉय" एवढंच बोलायची. रात्री तो झोपला की त्याच्या उशाशी बसून हळूच "चांदोबा चांदोबा भागलास का" म्हणायची.

बे एरियातली आई: आणि तुम्ही ऐकलंत त्यांचं?

ऑस्टिनचा बाप: ऐकलं. निदानाचा कागद हातात पडल्यावर तुम्ही काय काय ऐकलंत ते आठवा, मग मला विचारा.

बीसीबीए, डॅलस: मी याच पेशातली. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलं बोलण्यात मागे पडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मास्टर्स केलं, २००० तास देखरेखीखाली काम केलं, परीक्षा दिली. घरातली भाषा तोडू नका हे त्यात मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी एका गुजराती कुटुंबाला मीही तोच सल्ला दिला होता.

निनावी: लायसन्स मॅसॅच्युसेट्सातही आहे. तिथल्याच जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी शाळेत वागणं सुधारायला म्हणून ऑटिस्टिक मुलामाणसांना विजेचे झटके देत आले. एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध-उपकरण खात्यानं, २०२० साली त्या यंत्रावर बंदी घातली, पुढच्या वर्षी कोर्टानं ती उठवली. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. तुमच्या कायद्यांत आमचं मत कुणी विचारलंय?

एडिसनकर: टेक्निशियनचा मुद्दा मान्य करावाच लागेल. त्यांचीही नोंदणी हवी. झटक्यांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून तक्रारीचं दारच नको, हे मी मानणार नाही. ऑस्टिनकर, टीडीएलआरच्या, म्हणजे टेक्सासच्या लायसन्स खात्याच्या, साइटवर नाव टाकून लायसन्स सापडतं. तक्रार करा.

ऑस्टिनचा बाप: करेन. पण फॉर्मवर लिहू काय? आजीला नातवाशी बोलू दिलं नाही?