मदत हवी आहे: जीआयच्या एल्बोत पितळी नळ बसवला, आट्यातून गळती थांबेना

खानापुरात जुनं घर आहे. स्वयंपाकघरात भिंतीतल्या अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडात, नवा पितळी नळ लावलाय. नळाच्या तोंडातून नाही, आट्याच्या बुडातून गळतं. दोन सेकंदाला एक थेंब, रात्रभरात खालचा तांब्या भरतो.

केलेले उद्योग: आधी टेफ्लॉनचे आठ वेढे, मग पंधरा. टेप नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळली होती, तेव्हा तो प्रश्न नको. वरून पुट्टी थापली, पण जागा ओली असल्याने सकाळी पापुद्रा हातात आला. जुना नळ काढताना एल्बोतून गंजाचा चुरा पडला होता, तो तारेच्या ब्रशने घासून काढलाय. चीर दिसत नाही.

खरी गोम इथे आहे: नळ पक्का बसतो तेव्हा तोंड भिंतीकडे वळतं. सरळ करायला पाव वेढा मागे घेतला की गळती सुरू. पुढे पूर्ण फिरवायचं धाडस होत नाही, एल्बो फुटला तर फरशी फोडावी लागेल आणि घरमालक ते करू देणार नाहीत. टाकीचा व्हॉल्व्हही पूर्ण बंद होत नाही, पाझरतोच.

आमचे आजोबा आट्यांना सुतळी आणि सफेदा (पांढरा लेप) लावायचे. पितळ आणि जीआयच्या जोडाला ते चालतं का? चाललं तर पाव वेढा मागे घेतल्यावरही धरेल का, आणि पाणी सोडण्याआधी किती तास थांबू?