मनगटात दबलेली नस: पट्टा, इंजेक्शन, ऑपरेशन आणि नंतरचे दिवस. तुमचे अनुभव सांगा

शहापूर, बेळगाव (शिवणकाम, चर्चेचा हा धागा मीच सुरू करते)

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, सकाळी कप हातातून निसटतो. असं सांगणाऱ्या बायका आमच्या शहापूर-वडगावात घरोघरी आहेत. कुणी मागावर, कुणी मशीनवर. वाताचं दुखणं म्हणून अंगावर काढतात आणि तेल चोळत बसतात. म्हणून लिहायला बसले.

माझ्या उजव्या हाताचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालंय. मनगटात खाली हाडं आणि वर जाड पट्टा, त्यामधल्या अरुंद वाटेतून बोटं वाकवणाऱ्या 9 दोऱ्या आणि एक नस जाते. आत सूज आली की नस चेपते. अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र शाबूत राहते. डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं, ‘करंगळीला काही होतंय का?’ मग नसेची तपासणी झाली. बारीक शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघतात. चटके बसतात, पण सोसवतात.

आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन. काही महिने छान गेले, परत सुरू झालं. ऑपरेशनला फक्त हात बधिर केला, मी जागी होते. कापण्याचं काही कळलं नाही, दंडाला रक्त थांबवायला बांधलेली पट्टीच जास्त दुखली. त्या रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. बोटांच्या टोकांची जाणीव मात्र सावकाश आली. आणि तळव्याच्या बुडाशी, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना, दाब पडला की कळ यायची. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते. भाकरी थापताना तिथंच जोर पडतो. आमच्या घरात बरेच दिवस भाकरी सासूबाईंनी केल्या.

तुम्ही काय उपाय केलेत, कामाला कधी लागलात, मोकळेपणानं लिहा. तक्रार असेल तर दवाखान्याचं नाव न घेता लिहा.

निपाणी (आईसाठी मी लिहितोय)

आई लहानपणापासून विड्या वळते. कात्रीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. सगळा जोर अंगठा आणि पहिल्या बोटावर. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. एके दिवशी म्हणाली, ‘दोरा बोटात हाय का न्हाई, बघितल्याबिगर कळंना झालंय.’ आम्ही एका ठिकाणी दाखवलं, तिथं मानेचा एक्स-रे काढून मणक्याच्या गोळ्या दिल्या. वर्ष तसंच गेलं. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचे दोन्ही तळवे शेजारी धरून मला दाखवले. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसून गेला होता, तिथं खळगा पडला होता.

डॉक्टर स्पष्ट बोलले. ऑपरेशननं रात्रीचं दुखणं जाईल, पण वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही. तसंच झालं. आई आता शांत झोपते. पण शर्टाचं बटण लावताना अंगठा अजून साथ देत नाही. बाबांनो, तो भाग सपाट दिसायला लागला तर एक दिवस थांबू नका.

उद्यमबाग, बेळगाव (फौंड्री)

मी कास्टिंगला ग्राइंडर मारायचो. दिवसभर हात थरथरत्या मशीनवर. त्यात शुगर. इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढली, हे शुगरवाल्यांनी आधीच विचारून ठेवा. ऑपरेशनची जखमही इतरांपेक्षा हळू भरली. टाके साधारण 10 ते 14 दिवसांत निघतात, माझे जास्त ठेवले. कामावर परत गेल्यावर ग्राइंडर नको म्हणालो. मुकादम कुरकुरला, पण डॉक्टरांची चिठ्ठी होती. आता माल तपासायला बसतो. पगार थोडा कमी आहे, पण हात आहे.

खानापूर तालुका

मला सातव्या महिन्यात झालं. अंगावर पाणी धरल्यानं होतं म्हणे. फक्त रात्रीचा पट्टा वापरला, बाळंतपणानंतर हळूहळू गेलं. पोटुशी बायकांनी घाबरू नये.

चिकोडी (निवृत्त शिक्षक)

माझे दोन्ही हात दुखत होते. रक्त तपासल्यावर थायरॉईड कमी निघालं. त्याची गोळी आणि पट्टा यांवर भागलं, ऑपरेशनची वेळ आली नाही. सुरी लावण्याआधी शुगर आणि थायरॉईड तपासून घ्याच.

बेळगाव (फिजिओथेरपिस्ट)

वरच्या अक्कांनी तळव्याच्या कळीचं लिहिलं ते फार बरं केलं. ती बऱ्याच जणांना होते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ओसरते. माणसं मात्र ऑपरेशन फसलं समजून हात गळ्यात अडकवून ठेवतात. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, पूर्ण मूठ, पूर्ण उघड. हात छातीच्या वर ठेवायचा, सूज उतरते. टाके निघून जखम नीट भरली की व्रणावर खोबरेल लावून रोज दाबून चोळायचं. पकडीचा जोर यायला दोन-तीन महिने लागतात, कधी जास्त. कळशी, पिळायचे कपडे, कुकरचं झाकण उशिरा. लाली, पू, ताप किंवा वाढतं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि करंगळीही बधिर असेल किंवा मानेपासून कळ उतरत असेल, तर मान आणि कोपर तपासून घ्या.

निपाणी

आईचा डावा हातही सुरू झालाय. दोन्ही हात एकदम करतात का हो अक्का?

शहापूर

काहीजण करतात, पण मी तरी एकेकच सांगेन. वेणी, जेवण, न्हाणीघर, सगळ्याला एक हात मोकळा लागतो. डाव्याची नस अजून किती शाबूत आहे ते तपासून घ्या आणि या वेळी स्नायू बसायची वाट बघू नका. बेळगावला आणणार असाल तर कळवा, आमच्याकडे उतरा.