नर कुत्र्याची नसबंदी ‘तब्येतीसाठी’: खरंच गरज असते का?

लॅबची आई:
आमचा लॅब्राडॉर दहा महिन्यांचा आहे. लसीला नेला की डॉक्टर विचारतात, “नसबंदी कधी करताय? पुढे प्रोस्टेट, कॅन्सर, नाही नाही ते होतं. आत्ताच उरकून टाका.” नराची नसबंदी म्हणजे दोन्ही वृषण काढून टाकणं, आणि प्रोस्टेट म्हणजे नराची मूत्राशयाजवळची ग्रंथी. मादीच्या बाबतीत मला हे पूर्ण पटतं. गर्भाशयात पू झाला की जिवावर बेततं. पण तोच हिशेब नराला डोळे झाकून लावला जातोय असं माझं मत आहे. वृषणाचा कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो, त्यातल्या बहुतांश गाठी शरीरात पसरत नाहीत, आणि तेव्हा वृषण काढले की काम भागतं.

दुसरी बाजू कुणी सांगतच नाही. वयात येतानाची हार्मोन्स हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या बंद करतात. नसबंदी करून ही हार्मोन्स आधीच तोडली तर हाडं जास्त काळ वाढत राहतात आणि सांध्यांची ठेवण बिघडू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली ७५९ गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी सुमारे १० टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा दोष होता, न झालेल्यांच्या दुप्पट. गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) फाटलेले ५ टक्के. न झालेल्यांत एकही नाही. मग धडधाकट पोराला टेबलावर का चढवू?

कडुनिंब:
ताई, नाही पटलं. “पुढचं पुढे बघू” म्हणणाऱ्यांनी म्हाताऱ्या कुत्र्याचा प्रोस्टेट वाढलेला पाहिलेला नसतो. आमचा शी करायला बसायचा, कुंथायचा, उठायचा, दोन पावलं सरकून पुन्हा बसायचा. शी यायची ती चपटी, पट्टीसारखी, कारण वाढलेली ग्रंथी आतड्याला दाबते. झोपून उठला की लादीवर रक्ताचे थेंब. लघवी न करताही गळायचे. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं. कॅन्सर नव्हता, साधी वाढच, पण वर जंतुसंसर्ग झालेला. अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स आणि शेवटी नसबंदीच. काही आठवड्यांत ग्रंथी आक्रसली. म्हणजे करायचं ते केलंच, फक्त थकलेल्या शरीराला भूल देऊन.

आणि हे काही लाखात एखाद्याला होत नाही. नसबंदी न केलेल्या निम्म्याहून अधिक नरांचा प्रोस्टेट मध्यम वयापासूनच वाढायला लागतो. शेपटीखालचा हर्निया आणि गुदद्वाराभोवतीच्या गाठीही प्रामुख्याने अशाच नरांत.

लॅबची आई:
काका, तुमच्या कुत्र्याचे हाल वाचून वाईट वाटलं. पण ग्रंथी वाढलेल्या कितीतरी नरांना काहीच त्रास होत नाही. ज्याला होईल त्याची तेव्हा करावी, त्यासाठी सगळ्यांची आधीच कशाला? आणि नसबंदीने प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो हे तर साफ चूक. तो मुळात दुर्मीळ, आणि उलट नसबंदी झालेल्यांतच जास्त दिसलाय. डॉक्टर ‘प्रोस्टेट’ म्हणतात, आपण ‘कॅन्सर’ ऐकतो आणि घाबरून सही करतो.

भू_भू:
तब्येत हा बहाणा आहे हो. लोकांना सोफ्याच्या पायावर तंगडी वर व्हायला नको असते, बस्स.

कडुनिंब:
असेना का. माजावरच्या मादीच्या वासामागे पळणारा नर गाडीखाली येतो, तीही तब्येतच. २०१३ मध्येच जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. नसबंदी झालेले सरासरी जास्त जगले होते. न झालेले संसर्ग आणि अपघाताने जास्त गेले. तुमचा डेव्हिसचा अभ्यास एकाच इस्पितळात आलेल्या कुत्र्यांचा, त्यातून गोल्डनचा. त्याच लोकांनी पुढे लॅब्राडॉर कुत्रे पाहिले तेव्हा सांध्यांचा त्रास वाढलेला दिसला, पण गोल्डनइतका नाही. हेही सांगा ना.

लॅबची आई:
सांगते. आणि त्याच जॉर्जियाच्या नोंदींत नसबंदी झालेल्यांचे मृत्यू कॅन्सरने जास्त होते, ते तुम्ही गाळलंत. शिवाय जो मालक नसबंदी करतो तो सहसा लसीही वेळेवर देतो, कुत्रा मोकाट सोडत नाही. आयुष्य नेमकं कशाने वाढलं, कसं ठरवणार?

पाऊलखुणा:
मी दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वयाबद्दल भांडताय. कडुनिंबदादांचा त्रास उतारवयातला, ताईंची भीती पहिल्या वर्षातली. छोट्या जातींत सांध्यांचा हा फरक जवळजवळ दिसतच नाही. मोठ्या जातींत अंगलट पूर्ण भरेपर्यंत थांबायला आता बरेच डॉक्टर सांगतात.

माझ्या डोळ्यांसमोर जास्त येतं ते वजन. नसबंदीनंतर खाण्याची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते, त्यात लॅब म्हणजे आधीच हावरट. मालक वाटी तीच ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी बरगडीवरून हात फिरवला तर बरगडी लागतच नाही. सांध्यांची खरी वाट तिथे लागते. टाके काढायला याल तेव्हाच वाटी लहान करून घ्या.

ठरत नसेल तर हार्मोन दाबणारं इम्प्लांट असतं, कातडीखाली टोचतात, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर चालतं. सुरुवातीचे काही आठवडे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, उलट चढतं, तेव्हा घाबरू नका. नर भित्रा असेल तर आधी हेच करून पाहावं. भीतीतून भुंकणारा नर नसबंदीने शांत होतोच असं नाही, काहींचा भित्रेपणा वाढतो.

कडुनिंब:
मोठ्या जातीत थांबण्याला माझी हरकत नाही. पण थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी प्रोस्टेट तपासून घेणारे किती मालक आहेत हो?

लॅबची आई:
मी घेईन. दीड वर्षाचा झाला की खुब्यांचा एक्स-रे काढणार, मग पुन्हा विचार. तोवर साखळीशिवाय बाहेर नाही.

नवखा_पालक:
मध्येच विचारतो. आमच्या पिल्लाची एकच गोटी (वृषण) खाली उतरलीय, सहा महिने उलटून गेले. डॉक्टर म्हणतात, दुसरी पोटात आहे. थांबू का?

लॅबची आई:
नाही! वर लिहिलेलं तुम्हाला लागू नाही. पोटात राहिलेल्या गोटीला गाठ होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त, तिला पीळ पडू शकतो आणि हाताने तपासताही येत नाही. शिवाय हा दोष पिल्लांत उतरतो. दोन्ही काढा. कधी ते डॉक्टरांना विचारा, पण काढा.

कडुनिंब:
यावर ताईंना पूर्ण अनुमोदन. आधी सोनोग्राफीत गोटी नेमकी कुठे आहे ते पाहून घ्या, जांघेत असेल तर पोट उघडावं लागत नाही.