मदत हवी आहे: बाबांच्या पायाचा अंगठा काढायच्या आधी कुठल्या टेस्ट मागाव्यात?

आम्ही कासारवडवलीचे, बाबा ६८, शुगर जुनी, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) १०.२. उजव्या अंगठ्याखालचा घट्टा फुटून जखम झाली पण पाय बधिर, त्यामुळे दुखलंच नाही, मोजा ओला आणि वास आला तेव्हा कळलं. सध्या ठाण्यातच ॲडमिट आहेत, शिरेतून अँटिबायोटिक चालू, पू काढून जखम साफ केलीय. ताप उतरला, पण सळई घातली की हाडाला टेकते म्हणे. एक्स-रे नॉर्मल, पण हाडातलं इन्फेक्शन सुरुवातीला एक्स-रेत दिसतच नाही असं सर्जनच म्हणाले, आणि जुना पेसमेकर असल्याने एमआरआय अडलाय. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) १.९ आहे, म्हणजे वाढलेलं. कल्चर (जंतू ओळखायची टेस्ट) फक्त वरवरच्या स्वॅबचं, त्यात तीन-चार जंतू एकत्र आलेत, म्हणजे नक्की कोणता ते कळेना. पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) झालेला नाही, नाडी लागते एवढंच सांगतात.

सर्जन अंगठा काढू म्हणतायत. कृपया हळद-मधाचे लेप सुचवू नका, आत्याने ते सगळं सांगून झालंय.

डॉपलर आणि हाडाच्या तुकड्याचं कल्चर आधी करा असा आग्रह धरावा का, की तेवढ्यात इन्फेक्शन वर चढेल? आणि ठाणे-ऐरोली-वाशी पट्ट्यात रक्तवाहिन्यांचे सर्जन रिपोर्ट बघून एक-दोन दिवसात सेकंड ओपिनियन देतील असं कोणी आहे का?