अ‍ॅक्रिलिकचं कॅबिनेट घरी करायचंय: क्लोरोफॉर्म की स्क्रू?

सुटा_स्क्रू:
कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटचा पत्रा खालून गंजलाय. नवं आणण्याऐवजी अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक कॅबिनेट स्वतःच करायचं डोक्यात आहे. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंमी चौरस. ग्राफिक्स कार्ड नाही. हत्यारं म्हणाल तर ड्रिल मशीन, कानस आणि बाबांची करवत. शीट किती जाडीची घेऊ? नेमप्लेटवाले क्लोरोफॉर्मने चिकटवतात, तसं करू की स्क्रू लावू? माल पुण्यात कुठे बघू? राहायला कोथरूडला. बजेट विचारू नका, घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

पानापक्कड:
५ मिमी घ्या. ३ मिमीचं झाकण मधे झोल खातं आणि पंख्याबरोबर गुणगुणतं. दुकानात ‘कास्ट’, म्हणजे साच्यात ओतलेली शीट मागा. एक्स्ट्रुडेड स्वस्त असते, पण ड्रिल करताना वितळून बिटलाच गुंडाळते. ड्रिलचा वेग कमी, खाली लाकडाची फळी, आणि वरचा कागद शेवटपर्यंत काढायचा नाही. एम३ म्हणजे ३ मिमीच्या स्क्रूला भोक साडेतीन मिमीचं पाडा, वॉशर घाला आणि हाताला लागेल इतकंच आवळा. जोर केलात की भोकापासून चीर गेलीच. भोक कडेपासून निदान सेंटीमीटरभर आत हवं.

स्क्रू, वॉशर, स्टँडऑफ (बोर्ड तळापासून उचलून धरणारे छोटे खांब) बोहरी आळीत बघा. पॉवरचं बटण आणि एलईडी तपकीर गल्लीत. बटण दाबून सोडायचं, बेलसारखं घ्या. लाइटच्या स्विचसारखं खटका बसणारं नको. स्कूटर लांब लावा, बाकी काही सांगत नाही.

लेझरताई:
करवत बाबांना परत द्या. ड्रॉइंग करून लेझरवर कापून घ्या, ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे मशीन असतं. फक्त गणपतीच्या आधीचा महिना टाळा. तेव्हा सगळीकडे मखरं चाललेली असतात, तुमच्या चार तुकड्यांना कोण विचारतंय!

आता क्लोरोफॉर्मबद्दल. माझं पहिलं कॅबिनेट मी लेझरवर कापलं आणि लगेच संध्याकाळी चिकटवलं. सांधे काचेसारखे स्वच्छ आले. सकाळी बघते तर सगळ्या कडांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो आणि द्रावक लागलं की तो असा बाहेर पडतो. कडा स्पिरिटने पुसल्या तरी हेच होतं, म्हणून साबणाचं पाणीच बरं. चिकटवायचंच असेल तर तुकडे आधी ८० अंशांवर काही तास तापवून ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्यायचे. घरच्या ओव्हनवर माझा विश्वास नाही. १००च्या पुढे गेला तर शीटचा पापड होतो.

शिवाय तो वास. गच्चीवर, वारा असताना, आणि पोरंबाळं लांब ठेवूनच. क्लोरोफॉर्म यकृताला वाईट. सांधा आधी कोरडा जुळवून टेपने धरायचा आणि सिरिंजने थेंब सोडायचा, केशाकर्षणाने तो आपोआप आत धावतो. सिरिंजचा रबरी दट्ट्या फुगतो, त्यामुळे भरून ठेवू नका.

माझं मत: तळ आणि मागची बाजू चिकटवा, बाकी सगळं स्क्रूवर. रॅम बदलायला कॅबिनेट फोडणार का?

कोपऱ्यातला_पंखा:
ताईंशी सहमत, फक्त मी काहीच चिकटवत नाही. अँगल लावा, काम संपलं.

ड्रॉइंगसाठी मापं: १२० मिमी पंख्याच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी. मागच्या आयओ प्लेटची, म्हणजे केबली खोचायच्या जागांची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिमी. स्टँडऑफ साधारण ६.३५ मिमी उंच. ते पाव इंच आहे, सहा लिहून मोकळे होऊ नका.

सुटा_स्क्रू:
सगळ्यांचे आभार. एक भीती: पत्रा नाही म्हणजे अर्थिंगचं काय? शॉक?

पानापक्कड:
अ‍ॅक्रिलिकमधून वीज जात नाही, तेव्हा शॉक तिथून नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला तीन पिनी वायरीतून अर्थ मिळतो आणि बोर्डाचा ग्राउंड २४ पिनी केबलमधून येतो. भिंतीच्या सॉकेटला खरंच अर्थ आहे का तेवढं तपासा. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि कोरड्या फडक्याने पुसू नका, स्थिर विजेने धूळ दुप्पट चिकटते. ओलसर फडकं घ्या.

हो, मुख्य राहिलंच. आधी पुठ्ठ्याचं करून बघा, केबलीसकट. मी एक अख्खी शीट वाया घालवलीय.

सुटा_स्क्रू:
रविवारी पुठ्ठ्याचं केलं, फ्रिजच्या खोक्यातून. एसएमपीएस साधा एटीएक्स मापाचा आहे, १५० बाय ८६ बाय १४० मिमी. डबा बसला, पण केबलींचा जुडगा वळायला मागे ५ सेंमी तरी हवेत, आणि ड्रॉइंगमध्ये तिथे पंखा आखलाय. आता एकतर कॅबिनेट लांब करायचं, नाहीतर १०० मिमी खोलीचा एसएफएक्स, म्हणजे छोट्या मापाचा एसएमपीएस घ्यायचा.

लेझरताई:
लांब करा. एसएफएक्सच्या पैशात अजून शीट येईल, आणि ती लागणार आहे.

सुटा_स्क्रू:
घरचा आकडा पुन्हा बदलावा लागणार.