मदत हवी आहे : म्युनिक माल्टमधल्या स्टार्चची साखर होत नाही

नमस्कार मंडळी. मी लीड्सला राहतो, घरीच बिअर करतो. आजवर बेस माल्ट (मोड आणून वाळवलेलं मुख्य धान्य) म्हणून मॅरिस ऑटर जातीची बार्लीच वापरली. 67 अंशांवर तासभर मॅश केलं, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवलं, की काम व्हायचं. यावेळी 4 किलो म्युनिक आणि 1 किलो ओट्स घेतले. तासाभराने पांढऱ्या बशीत दोन थेंब काढून आयोडीन टाकलं, तर गडद निळं! म्हणजे स्टार्च तसाच. म्युनिक जास्त तापमानाला वाळवतात, त्यामुळे स्टार्चची साखर करणारी एन्झाइम कमी उरतात, आणि ओट्स तर त्यांच्याच जिवावर, हे कळतं. पण पावाच्या खरपूस कडेसारखी ती चव मला सोडायची नाही. किलोभर म्युनिकऐवजी जास्त एन्झाइमवालं पिल्सनर माल्ट घातलं तर भागेल का, की 90 मिनिटं ठेवू? की दळणच जाडं राहिलं? कोणी केलं असेल तर प्रमाण सांगा, प्लीज.