चर्चा : कथा सांगायला शिकायची ती ‘मृत्युंजय’कडून की दशावताराकडून?

खाडीकाठ : काल इथे वेंगुर्लेकरांनी लिहिलं, “कथा लिहायला शिकायची तर ‘मृत्युंजय’ तीनदा वाचा. रात्रभर चाललेल्या दशावतारात, या आपल्या कोकणी लोकनाट्यात, आरडाओरड्यापलीकडे शिकण्यासारखं काही नाही.” हे वाचून झोप आली नाही.

‘मृत्युंजय’ मलाही प्रिय आहे. शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, सगळे आपापल्या तोंडाने बोलतात. कर्ण स्वतःचं मरण सांगू शकत नाही, म्हणून शेवट कृष्णाच्या हाती. हे शिकण्यासारखंच आहे.

पण आमच्या देवळाच्या जत्रेतला एक कर्ण ऐका. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते तोंड रंगवायला बसताना ठरतं, संवाद ज्याचे त्याने उभे करायचे. कुंती भेटायला आली. कर्णाने तिच्याकडे पाठ केली आणि शेवटपर्यंत तिला “राजमाते”च म्हटलं. ती आत गेल्यावर रिकाम्या जागेकडे बघून एकदाच, हळू आवाजात, “आई”. पेटीवाल्याने पेटीवरून हात उचलला. पहाटेचे तीन वाजले होते, खळ्यात कोणी खोकलं नाही. एक शब्द कुठे राखून ठेवायचा, हे मी तिथे शिकलो.

वेंगुर्लेकर : तो अभिनय झाला, लेखन नव्हे. तो “आई” त्या रात्रीच विरला. आजीवरची माझी कथा दोन वर्षं अडली होती. ‘मृत्युंजय’ पुन्हा वाचली आणि आजीचं बोलणं शेजारणीच्या तोंडी दिलं, तेव्हा कुठे ती पुढे सरकली. आणि आताचा दशावतार कोणता सांगता? धूर, जाळ, वरून सोडलेला नाग! फलकावरच मोठ्या अक्षरात ‘ट्रिकसीन’. कर्णाला बोलायला वेळ कुठे उरतो?

पेटीवाल्याचो झील : ट्रिकसीन कोणाक व्हया होता? नाटक ठरवताना पहिलो प्रश्न, “ट्रिकसीन आसा काय? नसात तर नको.” माझो बापूस आयुष्यभर पेटी वाजवत रवलो. जत्रांचे चार महिने संपले की घरात बिदागीचाच हिशोब. मुंबईत बसून नाकां मुरडू नका.

वेंगुर्लेकर : मी वेंगुर्ल्यातच राहतो. आणि गेल्या वर्षी धुराने माझी मुलगी रडत उठली, मध्यंतरातच घरी यावं लागलं. तक्रार केली तर “लोकांना आवडतं” एवढंच उत्तर.

पेटीवाल्याचो झील : मग तुमच्या देवळाच्या बैठकीत उठून बोला ना! नुसत्या संवादांचं नाटक मागा, मंडळां आनंदाने करतीत. कलाकारांक दोष देवू नका.

मास्तरीण, देवगड : दोघेही धुरात अडकलात. मूळ प्रश्नावर या. महाभारतात भीष्मपर्वात संजय रणावरून येतो आणि आधी सांगतो, भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, “कसे पडले?” विचारतो, आणि मग त्या दहा दिवसांची लढाई उलगडते. द्रोणपर्वातही आधी द्रोणांच्या मरणाची बातमी. शेवट आधीच सांगून टाकला, तरी ऐकणारा उठत नाही, कारण ‘काय’ संपलं की ‘कसं’ सुरू होतं. सातवीच्या मुलांना “बोट बुडाली” या वाक्याने गोष्ट सुरू करायला लावली. एरवी चार ओळी लिहिणाऱ्या मुलाने दोन पानं लिहिली, त्याचे वडील मासेमारीला जातात. दशावतार बघणाऱ्यालाही कर्ण मरणार हे ठाऊकच असतं. कादंबरी वाचणाऱ्यालाही. दोघांचं मूळ एकच.

खाडीकाठ : बाई, हे पटलं. पण कादंबरीकार चुकला तर कागद फाडतो. जत्रेत चुकलं तर समोरचा माणूस उठून चहाच्या टपरीवर जातो. ती शिकवण घरबसल्या मिळत नाही, यावर मी ठाम आहे.

वेंगुर्लेकर : “आरडाओरडा” हा शब्द मागे घेतो, बाकी नाही. तो पाठ फिरवलेला कर्ण कागदावर उतरवून दाखवा. मला घरी बसून वाचताना ती शांतता ऐकू आली, तर पुढच्या जत्रेत रात्रभर बसेन, धूर असला तरी.

खाडीकाठ : लिहितो. पेटीवाल्याच्या बाजूने लिहीन, हात त्याने उचलला होता.